बिनजाळाची सहल

९ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ही वही दिली आणि रोज सकाळी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितला. नुसते आकडे लिहून त्यांना काय कळणार? आकडा का चढला ते लिहिलं तर काही उपयोग. म्हणून मी कारणं लिहिणार आहे.

आजचं कारण आमची मुलगी यामिलेथ. शनिवारी मेणबत्त्यांचा सण होता, सगळं गणगोत आमच्या दारात जमलं होतं. मेणबत्त्या लावून होताहेत तोच हिनं जाहीर केलं, की सहा जानेवारीला नाताळनंतरच्या तीन राजांच्या सणाची सुट्टी आहे, तेव्हा आदल्या रविवारी सगळ्यांनी मिळून नदीवर सहलीला जायचं. पोरांनी गलका केला. माझी बायको फाबिओला पाठमोरी होऊन मेणबत्त्या सारख्या करत होती, पण तिला हे आधीच माहीत होतं. तीस-चाळीस वर्षं संसार केल्यावर माणसाला पाठीकडूनही चेहरा वाचता येतो.

गेली चार वर्षं आमच्या घरची सहल झालेली नाही. त्याआधी एक वर्ष चुकलं नव्हतं. नदीकाठी तीन दगड, त्यावर ते दांडगं भांडं, त्यात कोंबडी, कच्ची केळी, कंद, मक्याची कणसं. आमच्या तुलुआ गावात आमचं हे सार, सांकोचो, माहीत नाही असा माणूस नसेल. जाळ माझा आणि भांडं माझ्या थोरल्या भावाचं, अर्सेसियोचं. मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो, तो मंडईत खानावळ चालवायचा. ज्याचं काम त्यानं करावं, असं साधं होतं.

यामिलेथनं जाता जाता आणखी एक सांगितलं. अर्सेसियो आणि ओफीरवहिनी राजांच्या सणानंतर स्पेनला जाणार, मुलाकडे. कायमचे. तिकिटं काढली आहेत.

मी म्हटलं, "जाऊ दे की. मला काय त्याचं?"

११ डिसेंबर, बुधवार

पार्क ठरलं. लास गार्सास. डोंगराच्या पायथ्याला, नदी तीच, फक्त बरीच वरच्या अंगाला. यामिलेथ म्हणते तिथे बगळे आहेत, माकडं आहेत, पायवाटा आहेत, स्वच्छ आहे. मी विचारलं, लाकडं तिथे मिळतात की घरून न्यायची?

"अपा, तिथे जाळ करायला बंदी आहे."

मला वाटलं चेष्टा करतेय. मग मी स्वतः फोन लावला. एका पोरीनं उचलला. म्हणाली, हो साहेब, चूल नाही, शेगडी नाही, सिगारेटसुद्धा नाही. मी विचारलं, मग लोक तिथे येऊन करतात काय? म्हणाली, बघतात.

बघतात! सहल म्हणजे काय सिनेमा आहे? अख्ख्या खोऱ्यात नदीकाठी जाळ करायला दुसरी जागा नव्हती का? मी फाबिओलाला तसं म्हटलं तर ती वाटाणे सोलत राहिली. म्हणाली, "जाळ नाही तर जाळावरून भांडण नाही." मी विचारलं, कोण भांडतंय? तिनं पुढची शेंग उचलली.

आता विषय निघालाच आहे तर काय झालं होतं ते लिहून ठेवतो, म्हणजे डॉक्टरीणबाईंनाही कळेल. चार वर्षांपूर्वी नदीवर पाण्याला उकळी यायला थोडा उशीर झाला. थोडाच. तर अर्सेसियोनं सगळ्यांसमोर, माझ्या व्याह्यांसमोर, पळी हातात धरून म्हटलं, "एवेलियो, ही लाकडं ओली आहेत. तुझ्या जाळावर साधं पाणी उकळत नाही." तीस वर्षं बॉयलर पेटवलेल्या माणसाला हे. मी आवाज चढवला नाही. मी भांड्याखालची लाकडं एकेक करून बाहेर ओढली, विझवली, गाडीत टाकली आणि घरी आलो. लाकडं माझी होती. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

यामिलेथनं मला पार्क बघायला नेलं. फाटकावर तीच फोनवाली पोरगी, खाकी कपडे, मोठे बूट. मी तिला समजावून सांगितलं, की मी अडाण्यासारखा जाळ करत नाही, आधी चर खणतो, भोवती दगड लावतो, उठताना पाणी ओततो. सगळं ऐकून घेऊन ती आदरानं म्हणाली,

"डॉन एवेलियो, तुम्ही चांगलाच करत असाल. पण तुमच्या मागून येणारा तसा करेलच असं नाही ना."

मग तिनं काठ दाखवला. आठ वर्षांपूर्वी तिथे पाऊल टाकलं की राख उडायची म्हणे, आणि बांबूचं एक अख्खं बेट जळून गेलं होतं. आता नवे बांबू आले आहेत. दगडांवर काळा डाग नाही. एक बगळा आमच्याकडे ढुंकून न बघता उभा होता. जागा वाईट नाही, हे मी यामिलेथला सांगितलं नाही.

परतताना म्हटलं, "चला, एक बरं झालं. जाळ नाही म्हणजे सांकोचो नाही. सांकोचो नाही म्हणजे तुझ्या काकाला बोलवायचा प्रश्न मिटला."

तिनं गाडीचा रेडिओ मोठा केला.

१८ डिसेंबर, बुधवार

सांकोचोऐवजी पुडे न्यायचे ठरलं. केळीच्या पानात भात, तळलेलं डुकराचं मांस, बटाटा, पिकल्या केळ्याच्या फोडी, उकडलेलं अंडं. पानात बांधलेला भात मला आवडतो. कारखान्यात मी तोच खात आलो. पण पुड्यांत एक गोम आहे, ती मला आज कळली.

भांडं कधी विचारत नाही किती जण आहेत. कुणी वाढलं तर पाणी वाढवायचं, कुणी आलं नाही तर दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं. त्यामुळे आमच्याकडे कधी कुणाला बोलावलं जात नाही आणि कुणाला नकोही म्हटलं जात नाही. रविवारी नदीवर आहोत एवढं कानावर गेलं की झालं. पुड्यांचं तसं नाही. पुडा माणसागणिक लागतो. शिवाय त्या पार्कवाल्यांना आठवडाभर आधी आकडा हवा, त्याहून एक माणूस जास्त आत सोडत नाहीत.

रात्री जेवणानंतर मी मोजलं. पोरं धरून एकोणीस.

"एकवीस सांग," फाबिओला म्हणाली.

"एकवीस कसे? पुन्हा मोजतो."

"बसवाला मेदार्दो नाही का? तो उपाशी राहणार?"

"मग वीस."

"तो दोन पुडे खातो."

मी म्हटलं पुडे दोन खाईल, पण फाटकातून तर एकटाच जाईल ना. तर म्हणाली त्याची बायको येणार आहे. कुठेतरी पाणी मुरतंय. पण बायकोशी आकड्यांवरून वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही, म्हणून मी फोन करून एकवीस सांगून टाकले.

२२ डिसेंबर, रविवार

बाजारात अर्सेसियो दिसला. बॅगांच्या दुकानापुढे उभा राहून एका मोठ्या सूटकेसची कडी ओढून बघत होता. मी रस्ता बदलला. घाबरून नाही, मला तसंही पलीकडेच जायचं होतं.

तो वाळलाय. पँट पट्ट्यानं गोळा करून धरलीय नुसती. खानावळ विकल्यापासून तो घरी काय खातो कोण जाणे. सगळा जन्म दुसऱ्यांना वाढणारा माणूस स्वतः नीट जेवत नाही, हे मला माहीत आहे. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि मला रोज शाळेचा डबा तोच करून द्यायचा. तो तरी केवढा होता? तेरा.

घरी येऊन फाबिओलाला सांगितलं, अर्सेसियो खराब झालाय.

"मग जा आणि त्याला सांग."

"मी का जाऊ? मोठा तो आहे."

"एवेलियो, तो गुरुवारी, नऊ तारखेला विमानात बसेल. सत्तरीचा आहे. तू अडुसष्टचा. पुढच्या वेळी भेटायचं म्हणजे कधी, ते तूच मोज. तुला मोजायला आवडतं ना हल्ली."

आज रक्तदाब मोजला नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मेदार्दोची बस बघायला गेलो. बस म्हणजे आमची जुन्या पद्धतीची चिवा, लाकडी बाकं, दोन्ही बाजू उघड्या, टपावर जायला शिडी. त्यानं नवा रंग दिलाय. ॲडव्हान्स देताना मी सहज म्हटलं, जेवणाची काळजी करू नका, तुमचे नि वहिनींचे पुडे धरले आहेत.

मेदार्दो हसायला लागला. "डॉन एवेलियो, कुठल्या वहिनी? मी सडाफटिंग माणूस. आणि मला साखरेचा त्रास आहे, मी माझा डबा आणतो. फाबिओलाताईंना सांगितलंय मी मागेच."

मी बराच वेळ त्या नव्या रंगाकडे बघत राहिलो. फाबिओलाचं आता वय झालं, तिच्या लक्षात राहत नाही, दुसरं काय. घरी येऊन मी विषय काढला नाही. पार्कलाही फोन केला नाही. दोन पुडे जास्त झाले म्हणून काही आभाळ कोसळत नाही.

आज रक्तदाब चांगला निघाला.

२ जानेवारी, गुरुवार

फाबिओला अंगणात फोनवर बोलत होती. मी काही कान लावून ऐकत नव्हतो, खिडकी उघडी होती. पलीकडे ओफीरवहिनी होती.

"काय म्हणाला? ... जिथे चूल नाही तिथे माझं काय काम, असं? ... अगं मग त्याला म्हणावं नुसतं येऊन बस. ... रडू नकोस. रडून काय होणार? इकडे हाही तसलाच बसलाय."

म्हणजे हे असं होतं. दोघी जावांनी मिळून घाट घातला होता. जाळ नसलेलं पार्क मुद्दाम शोधून काढलं, आणि तो म्हणतो येत नाही.

ती आत आली तर मी समोरच. मी म्हटलं, "मी त्याला बोलावलंच नव्हतं."

"तेच तर," फाबिओला म्हणाली. तिचे डोळे लाल होते. "तुम्हा दोघांना एका पोत्यात घालून नदीत सोडलं पाहिजे. तो म्हणतो धाकट्यानं बोलवावं, तू म्हणतोस थोरल्यानं यावं. जा, दोघं आपापल्या घरात बसून बरोबर असा."

सबंध दिवस ती माझ्याशी बोलली नाही. जेवण गेलं नाही. मला काही झालेलं नाही, भूक नव्हती एवढंच.

मी दुपारी चालायला म्हणून बाहेर पडलो होतो. त्याच्या गल्लीपर्यंत गेलो. दारात सूटकेस उघडून उन्हात ठेवली होती, नवेपणाचा वास जायला असेल. आत कुणीतरी खोकलं. मी परत आलो. जमलं नाही. डॉक्टरीणबाईंनी हे वाचलं तरी चालेल.

४ जानेवारी, शनिवार

पुड्यांची तयारी. केळीची पानं जाळावर फिरवून मऊ करावी लागतात, नाहीतर घडी घालताना फाटतात. ते काम माझ्याकडे आलं. अंगणात शेगडी पेटवली आणि पानामागून पान फिरवत बसलो. पान गरम झालं की त्याचा रंग बदलतो, गडद होतो आणि वास सुटतो. चार वर्षांत पहिल्यांदा कुणासाठी तरी जाळ केला होता. हाताला बरं वाटलं.

यामिलेथ भात भरत होती, फाबिओला बांधत होती. एकोणीस झाले तसे तिनं हात पुसले आणि दोऱ्याचं रीळ ठेवून दिलं.

मी म्हटलं, "दोन राहिले."

"कुणाचे? मेदार्दो डबा आणतो. तुला माहीत आहे ते, त्यानं मला सांगितलंय."

"पानं शेकून झालीत. वाया कशाला घालवायची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी शेगडीत निखारे सारखे करायला लागलो. तिनं रीळ परत घेतलं. विसावा झाला, एकविसावा पुढ्यात घेतला.

"त्यात अंडं घालू नकोस," मी म्हटलं.

"का?"

"काही नाही. कुणाला आवडत नसेल तर."

यामिलेथ एकदम उठून आत पाणी प्यायला गेली. तिला काय झालं होतं कळलं नाही.

५ जानेवारी, रविवार

खूप लिहायचं आहे. हात थकलाय पण लिहितो.

पहाटे चिवा निघाली. मी पुढे मेदार्दोशेजारी बसलो आणि त्याला म्हटलं चर्चमागच्या गल्लीतून घे. तो म्हणाला, तिकडून लांब पडेल. मी म्हटलं खड्डे कमी आहेत. त्या गल्लीइतके खड्डे तुलुआत दुसरीकडे नाहीत, सगळी बस उसळत गेली, पण कुणी हूं की चूं केलं नाही. अर्सेसियोचं दार बंद होतं. मेदार्दोनं न सांगता हॉर्न दिला, दोनदा. दार उघडलं नाही.

तेव्हा मला वाईट वाटलं. मुळापासून वाटलं. मी मेदार्दोला उगाच गिअरबद्दल विचारत राहिलो. मनात आलं की आता हा असाच जाणार. दार बंद, हॉर्न वाजतोय आणि मी बसमधून खालीसुद्धा उतरलो नाही.

पार्कच्या फाटकाशी कसलीशी गडबड चालली होती. त्या खाकीतल्या पोरीचा आवाज येत होता.

"किती वेळा सांगू, आत स्वयंपाक करता येत नाही."

"मी कुठे करतोय? स्वयंपाक झालाय. झाकणाला हात लावून बघ, भाजेल."

तो आवाज मी हजारांत ओळखीन. फाटकाजवळच्या बाकावर ते दांडगं भांडं, तापकरी माणसासारखं दोन घोंगड्यांत गुंडाळून दोरीनं बांधलेलं. एका बाजूला ओफीरवहिनी, दुसऱ्या बाजूला तो. मध्यरात्री उठून घरच्या गॅसवर सांकोचो केला होता आणि शेजाऱ्याच्या जीपमधून अंधारातच निघाले होते. म्हणून दार बंद.

पोरगी म्हणाली, "शिवाय तुमची नोंद नाही. आजची जागा भरलेली आहे. मी आत सोडू शकत नाही."

त्यानं भांड्यावर हात ठेवला. परत फिरायच्या तयारीतच होता. मी पुढे कधी गेलो मलाच कळलं नाही.

"नोंद आहे. आमच्यातले आहेत. एकवीस सांगितलेत मी, मोजून घ्या."

तिनं मोजले. मेदार्दो बसपाशीच थांबणार होता, त्याला सोडून एकवीस भरले.

"पण हे भांडं, डॉन एवेलियो..."

"तीस वर्षं मी बॉयलर पेटवलाय. जाळ कशाला म्हणतात ते मला विचार. यात कुठे ठिणगी आहे? धूर आहे? राख पडणार आहे? बांधलेल्या पानातला भात चालतो, मग बांधलेल्या भांड्यातलं सार का चालत नाही?"

तिनं वरिष्ठांना वायरलेसवर विचारलं. पलीकडचा माणूस बराच वेळ हसत होता. शेवटी म्हणाला, सोड, पण मला वाडगाभर ठेव म्हणावं.

मी वळलो तर अर्सेसियो माझ्याकडेच बघत होता. चार वर्षांनी त्यानं माझ्याशी तोंड उघडलं.

"बघतोस काय? ती कडी धर."

मी एक कडी धरली, त्यानं दुसरी. नदीपर्यंत चांगली लांब वाट, मुळं, चढउतार. भांडं जड, दोघंही म्हातारे. वाटेत चार ठिकाणी टेकवलं. पोरं धरायला आली तर दोघांनीही त्यांना हाकललं.

काठावर सगळ्यांना वाढलं. मी एक घोट घेतला. लिहिताना खोटं कशाला, चव तीच होती. पण मी म्हटलं, "धुराची चव नाही याला."

"धूर मी कुठून आणू?" अर्सेसियो म्हणाला. "धूर तुझ्याकडे असतो."

मग तो म्हणाला, आणि असता तरी तू ओली लाकडं आणली असतीस. मी म्हटलं ती ओली नव्हती. तो म्हणाला, त्यांतून पाणी गळत होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हटलं, डोळ्यांचा नंबर काढ, स्पेनमध्ये म्हणे चांगले डॉक्टर असतात. त्यानं पळी आपटली. मी उभा राहिलो. असा आवाज चढला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले आणि ती खाकीतली पोरगी धावत आली, तिला वाटलं मारामारी झाली.

आमच्या माणसांचं मात्र मला आश्चर्य वाटलं. कुणी मध्ये पडलं नाही. ओफीरवहिनी हसत होती, यामिलेथ तिच्या गळ्यात पडून हसत होती. फाबिओला झाडाआड गेली होती. परत आली तर डोळे भरलेले. विचारलं तर म्हणाली, कांदा कापत होते. तिथे कांदा कुठला, आणि आमच्यात सुरी कुणी आणलीच नव्हती.

नंतर पुडे सोडले. अर्सेसियोनं आपला पुडा उघडला, भात बोटानं बाजूला करून पाहिला.

"अंडं विसरलात."

"विसरलो नाही," मी म्हटलं.

तो मान खाली घालून जेवला. सगळं संपवलं, पानाला चिकटलेली शितंसुद्धा. त्याला जेवताना पाहून मला फार बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण तोंडानं मी हे सांगणार नाही.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी दार वाजलं. अर्सेसियो. सुप्रभात नाही, काही नाही. आत येऊन बसला आणि म्हणाला, "मी रात्रभर विचार केला. ओलीच होती."

फाबिओलानं दोन कप कॉफी ठेवली, ॲप्रनची गाठ सोडली आणि बाहेर निघून गेली. जाताना दार ओढून घेतलं.

दुपारपर्यंत बोलत होतो. लाकडं कुठल्या वखारीतली, त्या आठवड्यात पाऊस झाला होता की नाही, झाकायला मी ताडपत्री नेली होती की पोतं. मग आईच्या चुलीवर गाडी गेली. आईची लाकडं कोण फोडायचं यावर पुन्हा नव्यानं जुंपली. तो उद्याही येणार आहे आणि परवाही.

पण तीन दिवसांत हे मिटण्यातलं नाही. तसं मी त्याला स्पष्ट सांगितलं. म्हटलं, वाद अर्धवट टाकून परदेशात पळून जायचं नाही, तिथे पोचलास की फोन करायचा आणि पुढचं बोलायचं.

तो म्हणाला, "दर रविवारी करतो. आणि लक्षात ठेव, मी हरणार नाही."

मी म्हटलं, मीही नाही.